बेअरिंगच्या नंबरापुढचं शेपूट



आपल्या मंडळाच्या अंकात सणवार, प्रवास, गावाकडच्या आठवणी आणि पाककृती नेहमी वाचायला मिळतात. बेअरिंगवर कुणी लिहिल्याचं मला आठवत नाही. पण गेल्या दोन वर्षांत आपल्याच भागातल्या तीन-चार जणांनी मला फोन करून एकच प्रश्न विचारला, "तुमच्या जुन्या फियाटच्या अल्टरनेटरला शेवटी कुठलं बेअरिंग बसवलंत?" प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचं गाव मुडबी. बसवकल्याण तालुका, बीदर जिल्हा. गाव जिल्ह्याच्या अगदी कडेला, पुढे थोडं गेलं की कलबुर्गी जिल्हा लागतो. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद राज्यात होता. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि गॅरेजमध्ये दखनी, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. जुनी माणसं अजून बसवकल्याणला नुसतं 'कल्याण' आणि कलबुर्गीला 'गुलबर्गा' म्हणतात. आणि बेअरिंगला तिन्ही भाषांत 'बेरिंग'च म्हणतात, त्यामुळे या विषयावर गावात भाषावाद नाही!

आमची गाडी १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. कागदोपत्री पद्मिनी असली तरी गावाच्या तोंडी ती फियाटच. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९९१ मध्ये ती सोलापुरातून जुनी घेतली. मूळच्या डायनॅमोच्या जागी आधीच्या मालकाने अल्टरनेटर बसवून घेतला होता.

गाडी ठेवण्यामागे निव्वळ हौस नाही. अण्णांचं वय आता ब्याऐंशी. दोन्ही गुडघे गेलेले. धाकट्या भावाच्या नव्या गाडीत बसताना त्यांना आधी खाली वाकावं लागतं, मग खोल सीटवर आदळावं लागतं, आणि उतरताना दोन माणसं लागतात. फियाटचं पुढचं सीट बाकासारखं सलग आणि खुर्चीसारखं उंच. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असल्यामुळे पायात काही अडकत नाही. अण्णा दार उघडतात, टेकतात, पाय आत घेतात, झालं. दर महिन्याला त्यांना तपासणीसाठी कलबुर्गीला न्यावं लागतं. सकाळी गेलेलं माणूस परतायला अंधार पडतोच. त्यामुळे त्या गाडीचे दिवे आणि चार्जिंग हा आमच्या घरात गमतीचा विषय नाही.

दोन वर्षांपूर्वी, तुरीच्या राशी चालू असताना, गाडीतून एक आवाज यायला लागला. सुरुवातीला बारीक शीळ, मग जात्यात खडा आल्यासारखी घरघर. अण्णांना कमी ऐकू येतं, तरी तेच आधी म्हणाले, "आवाज कसला यायलालाय रे? पंख्याच्या बाजूनं हाय बघ."

पुण्याहून भावाचा फोन आला. "दादा, आता बास कर. भंगारवाला चांगला भाव देतोय म्हणालास ना? देऊन टाक. अण्णांसाठी उंच सीटची एखादी नवी गाडी बघू." त्याचंही चूक नव्हतं. अल्टरनेटर चारच महिन्यांपूर्वी एका शहरातल्या गॅरेजमधून नवी बेअरिंगं घालून आणला होता. चार महिन्यांत पुन्हा तेच होणार असेल, तर म्हाताऱ्या माणसाला त्या गाडीत बसवून रात्री आणायचं कशाच्या भरवशावर? मी भावाला म्हटलं, "एवढं एकदा नीट उघडून बघतो. कारण सापडलं नाही तर देऊन टाकू." मनातून मात्र धास्ती होती.

आता हे बेअरिंग गेल्याने काय बिघडतं ते सांगतो. आमच्या गाडीत एकच पट्टा आहे. तो इंजिनाच्या पुलीवरून निघून पाण्याचा पंप, पंखा आणि अल्टरनेटर हे सगळं फिरवतो. अल्टरनेटरचं बेअरिंग जाम झालं तर पट्टा घासून जळतो नाहीतर तुटतो. पट्टा गेला की चार्जिंग बंद. ते एक वेळ चालेल, बॅटरीवर थोडं अंतर काढता येतं. पण त्याच क्षणी पाण्याचा पंप आणि पंखाही थांबतो, आणि इंजिन तापून हेड जाण्याची वेळ येते. शिवाय बेअरिंग ढिलं झालं तर आतला फिरणारा रोटर बाहेरच्या स्टेटरला घासतो, आणि मग नुसत्या बेअरिंगवर भागत नाही, अख्खा अल्टरनेटर जातो. कल्याणला जुन्या गाड्यांचं काम करणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. ते म्हणाले, "बेरिंग सस्ता है साब, बेरिंग का जाना महंगा पडता."

आवाज अल्टरनेटरचाच आहे हे आधी पक्कं केलं. पट्टा काढून इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवलं, आवाज बंद. म्हणजे दोष पंपात किंवा अल्टरनेटरमध्ये. मग दोन्ही पुल्या हाताने फिरवून पाहिल्या. पंपाची पुली गुळगुळीत फिरली. अल्टरनेटरची फिरताना बोटांना वाळू जाणवली.

अल्टरनेटर उघडला. आत दोन बेअरिंगं असतात. पुलीच्या बाजूचं मोठं, कारण पट्ट्याची ओढ तेच सोसतं, आणि मागचं लहान. आमच्या अल्टरनेटरला पुढचं होतं ६२०३. प्रत्येक बनावटीत हे वेगळं असू शकतं, म्हणून ऐकीव नंबरावर जाऊ नका. जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर वाचा, आणि आधी कुणी भलतंच बसवलं नाही ना, हे पाहण्यासाठी व्हर्नियरने मोजूनही घ्या.

नंबर वाचणं सोपं आहे. ६२०३ मधला ६ म्हणजे खोल खोबणीचं साधं बॉल बेअरिंग. २ म्हणजे हलकी मालिका. तिथे ३ असता तर तेच बेअरिंग अधिक जाडजूड. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचे: ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. ०४ पासून पुढे आकड्याला पाचाने गुणायचं, म्हणजे ०४ चे २०. त्यामुळे ६२०३ म्हणजे आतून १७, बाहेरून ४० आणि १२ मिलिमीटर रुंद. ६३०३ सुद्धा आतून १७ च, पण बाहेरून ४७ आणि रुंदी १४.

ही मापं जगभर एकच आहेत, आणि जुनी गाडी सांभाळणाऱ्याला यासारखा दिलासा नाही. पद्मिनीच्या दाराची मूठ किंवा मागच्या दिव्याची काच मिळवायला मुंबई-हैदराबाद पालथं घालावं लागतं. पण ६२०३ बेअरिंग कल्याणच्या दुकानात मिळतं तेच स्वीडनमध्ये मिळतं, आणि मापात फरक पडत नाही.

तर मग चार महिन्यांत बिघडलं काय? नंबर तर बरोबर होता. काढलेल्या बेअरिंगवरही ६२०३ च कोरलेलं होतं.

इथे माझी नोकरी उपयोगी पडली. माझी सगळी हयात साखर कारखान्याच्या देखभाल विभागात गेली. उसाच्या चरकाचा रोल मिनिटाला चार-पाच फेरे घेतो, पण त्यावर दाब शेकडो टनांचा. तिथे प्रश्न वजनाचा. आमच्या विहिरीवरच्या छोट्या मोटारीतही ६२०३ आहे; ती मिनिटाला २८०० च्या आसपास फिरते, एका जागी सावलीत बसून. फियाटच्या दोन पुल्या मोजल्या तर इंजिनाच्या एका फेऱ्याला अल्टरनेटरचे जवळपास दोन फेरे होतात. इंजिन ४५०० वर गेलं की अल्टरनेटर ९००० वर, म्हणजे सेकंदाला दीडशे फेरे. तेही इंजिनाला चिकटून, आमच्या मे महिन्याच्या उन्हात, आणि खालून चाकांनी उडवलेल्या धुरळ्यात. नंबर फक्त माप सांगतो. बेअरिंग कुठे जगू शकेल हे नंबरापुढचं शेपूट सांगतं. दुकानात आपण नंबर सांगून मोकळे होतो, आणि शेपूट दुकानदाराच्या मर्जीवर सोडतो.

त्या शेपटात तीन गोष्टी बघायच्या.

पहिली गोष्ट झाकण. 'झेडझेड' किंवा 'टू झेड' लिहिलेलं असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची चकती. ती आतल्या कड्याला टेकत नाही, बारीक फट राहते. त्यामुळे घर्षण कमी आणि वेग जास्त झेपतो, पण बारीक धूळ आत शिरते. 'टू आर एस' म्हणजे दोन्ही बाजूंना रबराचं सील, जे आतल्या कड्याला टेकून बसतं. एनएसके या जपानी कंपनीच्या बेअरिंगवर त्यालाच 'डीडीयू' लिहितात, एनटीएनच्या बेअरिंगवर 'एलएलयू'. रबर घासत असल्यामुळे वेगाची मर्यादा खाली येते. ६२०३ साठी ढोबळ आकडे सांगायचे तर पत्र्याच्या झाकणाला मिनिटाला १९ हजार फेरे, टेकणाऱ्या रबराला १२ हजार. काही मिस्त्री म्हणूनच सांगतात, "अल्टरनेटरला रबर नको, पत्राच टाका." शहरात, जास्त वेगाने फिरणाऱ्या इंजिनाला ते पटण्यासारखं आहे. पण आमची गाडी ९ हजारांच्या वर अल्टरनेटरला नेतच नाही. १२ हजारांची मर्यादा आम्हाला पुरून उरते.

आणि धूळ? काढलेलं बेअरिंग पत्र्याच्या झाकणाचं होतं. ते उचकटलं तर ग्रीसच्या जागी काळपट, कोरडी पेस्ट निघाली, बोटाला चरचर लागणारी. हा मुलूख तुरीचा. कलबुर्गीच्या तुरीला भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगाच नाही. राशीच्या दिवसांत मळणी यंत्राचा बारीक भुस्सा हवेत तरंगत असतो आणि कच्च्या रस्त्याची धूळ त्यात मिसळते. अण्णांनी ती पेस्ट बोटांवर चोळून पाहिली आणि म्हणाले, "ही तर आपल्या रानातली माती." कारण सापडलं होतं. दोष गाडीच्या वयाचा नव्हता.

दुसरी गोष्ट 'सी थ्री'. बेअरिंगमध्ये गोळ्या आणि कडी यांच्यात मुद्दाम थोडी मोकळीक ठेवलेली असते. या मापात साध्या बेअरिंगला ती ३ ते १८ मायक्रॉन असते, 'सी थ्री' ला ११ ते २५. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर किती सूक्ष्म हिशेब आहे ते कळेल. शाफ्टवर दाबून बसवल्यावर आतलं कडं किंचित फुगतं. चालू झाल्यावर ते बाहेरच्या कड्यापेक्षा जास्त तापतं, आणखी फुगतं. मोकळीक आधीच कमी असेल तर गोळ्या आवळल्या जातात, आणखी तापतात, आणि ग्रीस जळतं. म्हणून अल्टरनेटरला 'सी थ्री'. हातात धरून हलवलं तर ते किंचित ढिलं लागतं आणि माणसाला वाटतं, दुकानदाराने वापरलेला माल दिला. तसं नसतं. साध्या बेअरिंगवर मात्र या खात्यात काहीच कोरलेलं नसतं. त्यामुळे 'सी थ्री' लिहिलेलं नसेल तर ते साधंच समजा.

तिसरी गोष्ट ग्रीस, आणि ती बाहेरून दिसत नाही. साधारण वापराच्या बेअरिंगमध्ये बहुधा लिथियमचं ग्रीस असतं. अल्टरनेटरसाठीच्या खास बेअरिंगमध्ये जास्त उष्णता सोसणारं, पॉलियुरिया जातीचं ग्रीस भरतात. रबराचंही तसंच. नेहमीचं नायट्राइल रबर सततच्या १०० अंशांपर्यंत ठीक, त्यापुढे ते कडक व्हायला लागतं. जास्त तापणाऱ्या जागेसाठी वेगळ्या रबराची सीलं येतात. म्हणून दुकानात नुसतं "६२०३ द्या" म्हणू नये. "गाडीच्या अल्टरनेटरचं, रबर सीलचं, सी थ्री, गरम जागेला चालणाऱ्या ग्रीसचं" असं पूर्ण वाक्य सांगावं. आपल्याकडे सील उचकटून वरून ग्रीस ठासायचीही पद्धत आहे. ती टाळा. कारखान्यात आतल्या मोकळ्या जागेच्या साधारण एक तृतीयांशच ग्रीस भरलेलं असतं, आणि ते पुरेसं असतं. ठासून भरलेलं ग्रीस घुसळून तापतं. शिवाय दोन जातींची ग्रीसं एकमेकांत मिसळली तर पातळ होऊन वाहून जाऊ शकतात.

आता खरेदी. बेअरिंगच्या धंद्यात नकली माल फार. एसकेएफ ही स्वीडनची १९०७ सालची कंपनी, तिचा आपल्याकडचा कारखाना पुण्याजवळ चिंचवडला. जयपूरची एनबीसी १९४६ पासूनची. अशा नावांच्या हुबेहूब पेट्या बाजारात मिळतात. दोन दुकानांत मला अर्ध्या किमतीत 'तेच' बेअरिंग दाखवलं. एकाच्या कडेवरची अक्षरं फुसकट होती, आणि पेटीवरच्या शेपटात 'सी थ्री' असून बेअरिंगवर नव्हतं. मी हात जोडून बाहेर पडलो. शेवटी कलबुर्गीला अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या पावतीवर घेतलं. काही कंपन्यांची माल तपासायची मोबाइल ॲपही आहेत. मुलांना सांगितलं की ती दोन मिनिटांत बघून देतात. पुढचं आणि मागचं अशी दोन्ही बेअरिंगं सहाशे रुपयांच्या आत आली. मागचं वरवर बरं दिसत होतं, पण तेही पत्र्याचंच होतं, आणि अल्टरनेटर एकदा उघडला की दोन्ही बदलणं शहाणपणाचं.

बसवण्याचं काम चाचांकडे दिलं, मी शेजारी बसून राहिलो. त्यांनी आधी शाफ्ट पाहिला. आतलं कडं शाफ्टवरच फिरत राहिलं असेल तर शाफ्ट झिजतो, आणि मग कितीही भारी बेअरिंग टिकत नाही. काही जण अशा शाफ्टवर पंचाने ठिपके मारून काम भागवतात. ते चार दिवसांचं असतं. आमचा शाफ्ट सुदैवाने ठीक होता. मागचं बेअरिंग काढताना स्लिप रिंगच्या तारांचे टाके सोडवावे लागले. काही जुन्या अल्टरनेटरांत तशीच रचना असते, आणि घाईत ओढलं तर तारा तुटतात. नवं बेअरिंग शाफ्टवर चढवताना त्यांनी नळीचा तुकडा फक्त आतल्या कड्यावर टेकवला आणि शिकंज्यात हळूहळू दाबलं. घरात बसवताना दाब बाहेरच्या कड्यावर. याउलट केलं तर सगळा दाब गोळ्यांमधून जातो, खोबणीत खळगे पडतात, आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून वाजायला लागतं. हातोडा त्यांनी उचललाच नाही.

कार्बन ब्रश झिजले होते, तेही बदलले. शेवटी पट्टा. मधोमध अंगठ्याने दाबून साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबेल इतपतच ताण दिला. पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला की पुढच्या बेअरिंगवर विनाकारण भार येतो. गाडी चालू करून बॅटरीवर मीटर लावला: १४ व्होल्ट. आवाज नाही.

अण्णांना पुढे बसवून गावाबाहेर एक फेरी मारली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आवाज पार बंद झालाय. काही निसटलं तर नाही ना?"

त्याला आता दोन वर्षं होत आली. तुरीच्या दोन राशी आणि दोन उन्हाळे होऊन गेले. दर महिन्याची कलबुर्गीची फेरी चुकलेली नाही, आणि रात्री परतताना चार्जिंगचा लाल दिवा एकदाही लागला नाही. भाऊ दिवाळीला आला तेव्हा स्वतःच किल्ली घेऊन अण्णांना देवळात घेऊन गेला. गाडी विकायचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. उद्या ती कायमची थांबेल हे मला कळतं. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तशी हिचीही संपेल. पण सहाशे रुपयांचा भाग जागा न पाहता बसवला, एवढ्या कारणासाठी अण्णांची गाडी भंगारात जायला नको होती. ती गेली नाही, यात मला समाधान आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या अंगणात किंवा गोठ्याशेजारी जुनी फियाट, ॲम्बेसेडर नाहीतर जीप उभी असेल, आणि "आता हिच्यात काही राम नाही" असं घरात ठरलं असेल, तर निर्णयाआधी एक रविवार द्या. पट्टा काढा, पुली हाताने फिरवा आणि बोटांना काय लागतं ते बघा. वाळू लागली तर दुकानात जाताना जुनं बेअरिंग खिशात घ्या, आणि नंबराबरोबर पुढचं शेपूटही मोठ्याने वाचा.